अहिंसक दुधाचा हिशोब

शाकाहार आणि प्राण्यांवरची दया या दोन गोष्टी आपल्याकडे एकाच दमात बोलल्या जातात. ताटात मांस नाही म्हणजे आपल्यापायी कुणा जिवाला त्रास नाही, हे शाकाहारी घरांत लहानपणापासून मनावर ठसवलं जातं. मी अशाच माळकरी घरात वाढलो, आजही शाकाहारी आहे आणि पुढेही राहणार आहे. तरीही गेल्या दहा वर्षांत राज्यात प्राण्यांच्या नावाने जे कायदे झाले, जे निर्णय फिरवले गेले, जी भांडणं झाली, ती पाहिल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. या सगळ्यात खाणाऱ्याच्या सोवळ्याची काळजी भरपूर घेतली गेली आणि जनावराच्या हालांची फारच थोडी. हालांचा प्रश्न मनापासून विचारायचा असेल, तर मटणाच्या दुकानाच्याही आधी दुधाच्या डेअरीपाशी थांबावं लागतं.

नगर, सोलापूर, सांगली, पुणे, कुठल्याही दूधपट्ट्यातल्या गोठ्यात गाय व्यायली की आधी वासराची शेपटी उचलून पाहतात. कालवड असली तर घरात आनंद. तिला चीक पाजतात, नाळेला औषध लावतात, थंडी असली तर अंगावर पोतं टाकतात. एचएफचा, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन या जास्त दूध देणाऱ्या विदेशी जातीचा, गोऱ्हा निघाला की सगळ्यांचे चेहरे पडतात. त्याला वशिंड नसतं, त्यामुळे जू नीट बसत नाही. ऊन त्याला सोसत नाही. गाय भरवायला डॉक्टर सीमेन घेऊन येतो, त्यामुळे वळूचंही काम नाही. मग त्याच्या वाट्याला दूध किती द्यायचं, हा सरळ पैशाचा प्रश्न होतो. वासराला दिवसाला चार लिटर दूध लागतं. डेअरीचा दर तीस रुपये धरला तर रोजचे 120 रुपये आणि तीन महिन्यांचे जवळजवळ 11 हजार. 2024 मध्ये गायीच्या दुधाचा दर इतका पडला होता की सरकारला लिटरमागे आधी 5 आणि नंतर 7 रुपये अनुदान द्यावं लागलं. अशा वेळी शेतकऱ्याने गोऱ्ह्याला पोटभर पाजावं ही अपेक्षा ठेवायची कुणी? त्याला कुणी मुद्दाम मारत नाही. त्याचं दूध तोडलं जातं, पातळ पेंडीच्या पाण्यावर ठेवलं जातं, हगवण लागली तर औषधावर खर्च होत नाही. दोन-तीन आठवड्यांत प्रश्न आपोआप सुटतो.

चिकाचंही तसंच. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी लढायची ताकद जवळपास नसते. गायीच्या वारेतून ती गर्भापर्यंत पोचत नाही, ती चिकातूनच मिळते आणि पहिल्या काही तासांत पोटात गेली तरच लागू पडते. तीस किलोच्या वासराला पहिल्या दिवशी निदान तीन लिटर चीक हवा. चांगल्या संकरित गायीला त्याहून जास्त चीक येतो, म्हणून उरलेल्याचा खरवस करण्यात अन्याय आहे असं मी म्हणणार नाही. गूळ-वेलदोड्याचा तो खरवस मलाही आवडतो. पण गोऱ्ह्याच्या तोंडचा पहिला चीक काढून तो शहरात विकला जातो, तेव्हा ‘शुद्ध शाकाहारी’ म्हणून मिटक्या मारत खाल्ल्या जाणाऱ्या त्या वडीमागे एक जीव हळूहळू मरतो आहे, एवढं तरी खाणाऱ्याला ठाऊक असावं.

म्हशींच्या तबेल्यांत हे आणखी उघडं असतं. रेडकू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे उभं करायचं, म्हणजे ती पान्हा सोडते, ही जुनी युक्ती. पुढे तिची जागा ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनने घेतली. आणखी एक जुनी रीत म्हणजे फुंका. गायी-म्हशीच्या योनीत हवा फुंकून दूध उतरवण्याचा हा प्रकार इतका बोकाळला होता की 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात त्याच्यासाठी वेगळं कलम घालावं लागलं.

या फुंक्याचं वर्णन वाचूनच गांधीजींचं मन दुधावरून उडालं. दक्षिण आफ्रिकेत असताना, 1912 च्या सुमारास, त्यांनी दूध सोडलं. पुढे मोठ्या आजारपणात शेळीचं दूध घ्यावं लागलं, तेव्हा आपण व्रताचे शब्द पाळले आणि त्याचा आत्मा गमावला, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं. शाकाहाराच्या बाजूने आयुष्यभर बोललेल्या या माणसाला दूध म्हणजे निष्पाप अन्न असं कधी वाटलं नाही. आजचे शाकाहाराचे पुरस्कर्ते गांधीजींचं नाव घेतात आणि हा भाग मात्र वगळतात.

साबरमती आश्रमातल्या वासराची गोष्टही अशीच बाजूला पडली आहे. 1928 मध्ये आश्रमातलं एक वासरू दुखण्याने तडफडत होतं. उपचार थकले होते, त्याला कूसही बदलता येत नव्हती. गांधीजींनी डॉक्टरला बोलावलं आणि इंजेक्शन देऊन त्याला वेदनेतून सोडवलं. त्यावर देशभर गहजब झाला. संतापलेल्या पत्रांचा त्यांच्याकडे ढीग लागला आणि अहिंसेच्या पुजाऱ्याने गोहत्या केली, असा बोभाटा झाला. त्या टीकेत वासराच्या वेदनांचा विचार जवळपास नव्हता. पाप कुणाला लागलं, एवढ्याचीच चर्चा होती. गांधीजींचं उत्तर साधं होतं. जीव घेणं नेहमीच हिंसा असतं असं नाही, आणि जिवंत ठेवून यातना भोगायला लावणं ही अहिंसा नव्हे. जवळजवळ शंभर वर्षं झाली, तरी आपल्या सार्वजनिक चर्चेचं गाडं तिथून पुढे सरकलेलं नाही.

2015 चा कायदा त्याची साक्ष देतो. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गायींच्या कत्तलीला बंदी होतीच. 1995 मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या दुरुस्तीला वीस वर्षांनी, 2015 मध्ये, राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल-वळूंचीही कत्तल गुन्हा ठरली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद. बाहेरच्या राज्यातलं गोमांस जवळ बाळगण्यावरची बंदी उच्च न्यायालयाने मे 2016 मध्ये रद्द केली, कत्तलीवरची बंदी कायम राहिली. ही बंदी आली ती मराठवाडा दुष्काळात होरपळत असताना. लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं ते याच काळात. विहिरी आटल्या, कडबा परवडेनासा झाला आणि थकलेला बैल विकून दोन पैसे हातात येण्याचा रस्ताही बंद झाला. ज्यांना छावणी मिळाली त्यांची जनावरं तगली. बाकीच्यांनी दावं सोडून दिलं.

आता पशुगणनेचे आकडे पाहा. 2012 मध्ये देशात गोवंशातली नर जनावरं सुमारे 6.79 कोटी होती, 2019 मध्ये ती 4.74 कोटींवर आली. याच काळात माद्या 12.30 कोटींवरून 14.51 कोटींवर गेल्या. बैलांचं काम ट्रॅक्टरने घेतलं, असं याचं स्पष्टीकरण दिलं जातं आणि ते खरंही आहे. पण ट्रॅक्टर आला म्हणून गायीच्या पोटी गोऱ्हे जन्मायचे थांबत नाहीत. निसर्ग निम्मे नर, निम्म्या माद्या जन्माला घालतो. म्हणजे कोट्यवधी गोऱ्हे जन्मले आणि नाहीसे झाले. काही उपासमारीने, काही रस्त्यावर प्लास्टिक खाऊन आणि पुष्कळसे रात्रीच्या ट्रकमध्ये एकमेकांच्या अंगावर कोंबून राज्याबाहेर गेले. जे काम गावाजवळच्या कत्तलखान्यात पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली झालं असतं, ते चोरून करायचं म्हणून जनावराला शेकडो किलोमीटर पाण्यावाचून उभं राहावं लागतं. पाय मोडतात, शिंगं तुटतात. बंदीने मरण टळलं नाही, ते लांबलं आणि जास्त यातनांचं झालं.

म्हशीच्या रेड्याला तर कायद्याचं एवढंही छत्र नाही. म्हशीची कत्तल राज्यात कायदेशीर आहे आणि म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. भीती, तहान, वेदना गायीला आणि म्हशीला सारख्याच होतात. मुंबईच्या चहात तर म्हशीचंच दूध जास्त. कायद्याला जनावराच्या दुःखाची काळजी असती तर हा भेद राहिलाच नसता.

मग खरोखर अहिंसक दूध किती रुपयांना पडेल? हिशोब कठीण नाही. सप्टेंबर 2024 मध्ये राज्य सरकारने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ जाहीर केलं आणि गोशाळांतल्या देशी गायींसाठी दिवसाला 50 रुपये देण्याचं ठरवलं. सांभाळाचा खर्च एवढाच धरू, प्रत्यक्षात तो जास्त असतो. एक गोऱ्हा 15 वर्षं जगला तर त्याच्यावर 2 लाख 73 हजार रुपये लागतील. दर दोन वेतांत सरासरी एक गोऱ्हा, म्हणजे वेतामागे 1 लाख 37 हजार. संकरित गाय एका वेतात 3000 लिटर दूध देते असं धरलं, तर लिटरमागे पंचेचाळीस-सेहेचाळीस रुपये नुसत्या गोऱ्ह्याचे झाले. गायीचा स्वतःचा म्हातारपणाचा खर्च वेगळाच. पाच वेतांनंतर ती भाकड झाली आणि आणखी सात वर्षं जगली, तर लिटरमागे आणखी साडेआठ रुपये. शेतकऱ्याला आज मिळणाऱ्या तीस-पस्तीस रुपयांवर हे चोपन्न रुपये चढवा. डेअरीचा, वाहतुकीचा, पिशवीचा आणि दुकानदाराचा वाटा त्यानंतरचा.

ही रक्कम कुणीच देत नाही. ती गोऱ्हा आपल्या जिवाने भरतो, आणि थोडीफार शेतकरी आपल्या खिशातून. जो शाकाहारी माणूस आजच्या दराने दूध, दही, तूप, पनीर विकत घेतो, तो कत्तलीबाहेर उभा नाही. दूध आणि मांस हा एकच धंदा आहे, त्याची फक्त दुकानं दोन आहेत. लिंगवर्गीकृत, म्हणजे कालवडच जन्मावी म्हणून वेगळं काढलेलं, सीमेन वापरलं तर दहापैकी नऊ कालवडी होतात आणि गोऱ्ह्याचा खर्च लिटरमागे नऊ रुपयांपर्यंत खाली येतो. हा मार्ग खरोखर उपयोगाचा आहे, त्यावर सरकारने आणि दूध संघांनी सढळ हाताने पैसा घालावा. अर्थात मग जन्मलेल्या सगळ्या कालवडींना दावण लागेल, भाकड गायींची संख्याही वाढेल. हिशोब त्याने हलका होतो, मिटत नाही.

त्या हिशोबाचं ओझं आजवर कुणी वाहिलं, हेही बघायला हवं. सोवळ्यातल्या घराची गाय मेली की ती ओढून न्यायची कुणी, कातडं सोलायचं कुणी, हे जातीने ठरवून ठेवलेलं होतं. दूध एका घरात आणि मढं दुसऱ्या वस्तीत. वर त्या वस्तीलाच अपवित्र ठरवायचं. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, ते या अपमानातून माणसं बाहेर पडावीत म्हणून. जुलै 2016 मध्ये गुजरातेत उना इथे मेलेल्या गायीचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारलं गेलं, तेव्हा तिथल्या अनेकांनी मेलेली जनावरं उचलायचंच थांबवलं. मढी पडून राहिली तेव्हा लोकांना कळलं की या व्यवस्थेचा किती मोठा भाग आपल्याला दिसतच नव्हता.

हाच न दिसणारा भाग लपवून शहरांत शाकाहाराच्या भिंती उभ्या राहतात. मुंबईत मांसाहारी कुटुंबाला घर नाकारणाऱ्या सोसायट्या आहेत. 2023 मध्ये आयआयटी मुंबईच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये शाकाहाऱ्यांसाठी टेबलं राखून ठेवली आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड झाला. त्याने एकाही बकऱ्याचा जीव वाचला नाही. शेजारच्या ताटाची किळस ही ज्याची त्याची भावना असेल, पण तिला भूतदया म्हणू नये. वारकऱ्याच्या गळ्यातल्या माळेने मराठा, धनगर, माळी, कुणबी घरांत जो शाकाहार आणला, त्यात दुसऱ्याला उठवून लावायचा भाग नव्हता. ज्याने त्याने आपल्यापुरतं घातलेलं ते बंधन होतं. माझ्या आजोबांच्या पंक्तीला मटण खाणारे पाहुणे बसत आणि त्यांच्या शेजारी बसून आजोबा जेवत.

अंड्यांचा वाद याच पठडीतला. शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं देण्याचा निर्णय राज्याने नोव्हेंबर 2023 मध्ये घेतला, न खाणाऱ्या मुलांसाठी केळं होतं. जानेवारी 2025 मध्ये सरकारने त्यासाठीचा निधी काढून घेतला आणि द्यायचंच असेल तर शाळांनी लोकवर्गणीतून द्यावं असं सांगितलं. पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांत पस्तीस मुलांची उंची खुंटलेल्या राज्यातला हा निर्णय. मेळघाटातल्या किंवा नंदुरबारच्या शाळेत वर्गणी कुणाकडे मागायची? अंड्याला विरोध करणाऱ्यांनी अहिंसेचं नाव घेतलं. कोंबडीविषयी त्यांना खरंच काही वाटत असतं, तर मागणी वेगळी असती.

कारण कोंबडीचे हाल खरे आहेत. पोल्ट्रीच्या पिंजऱ्यात एका कोंबडीला वहीच्या दोन पानांपेक्षा जास्त जागा क्वचितच मिळते. तिला पंख पसरता येत नाहीत, माती उकरता येत नाही, अंडं घालायला आडोसा मिळत नाही. तिची रानातली पूर्वज वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते, पिंजऱ्यातली तीनशेच्या वर. कवचाला लागणारं कॅल्शियम हाडांतून जातं आणि हाडं ठिसूळ होतात. अंडी देणाऱ्या जातीतली नर पिल्लं उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी मारली जातात, कारण त्यांच्या अंगावर मांसही धरत नाही. विधी आयोगाने 2017 मध्ये आपल्या 269 व्या अहवालात या पिंजऱ्यांवर बोट ठेवलं. म्हणून मागणी अशी हवी: मुलांना अंडं द्या, आणि ते बचत गटांच्या परसातल्या, मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांचं विकत घ्या. सरकारसारखा मोठा गिऱ्हाईक बाजारात उतरला तर पिंजऱ्याबाहेरची कोंबडी परवडू लागेल आणि गावातल्या बाईच्या हातात पैसा येईल. भुकेल्या मुलाच्या ताटातलं अंडं काढून घेतल्याने पिंजऱ्यातली एकही कोंबडी सुटलेली नाही.

मांसाहारी मित्रांना हे वाचून बरं वाटेल, पण त्यांनाही सांगायचं आहे. ‘आमची संस्कृती’, ‘झाडांनाही जीव असतो’ ही उत्तरं नव्हेत. बकऱ्याला भीती कळते, रक्ताचा वास कळतो. झाडांची एवढी काळजी असेल तर आधी चाळीस-पंचेचाळीस दिवसांत दोन किलोची होणारी ब्रॉयलर सोडावी, कारण तिला चारलेल्या मक्या-सोयाबीनमधून आपल्याला फार थोडं परत मिळतं. दाराशी, माळावर चरून वाढलेलं धनगराचं बकरं मरेपर्यंत बकऱ्यासारखं जगतं. शेडमधल्या कोंबडीला तेवढंही मिळत नाही. रोजची चिकन बिर्याणी ही कुणाचीच परंपरा नव्हती. कोकणातल्या कोळणीच्या मुलाने मासळी सोडावी किंवा वाडीवरच्या कातकऱ्याने खेकडे पकडू नयेत, असं मी म्हणणार नाही. ज्यांच्यापुढे पर्याय आहेत, त्यांनी कमी खावं, आणि जनावर कसं जगलं हे विचारून खावं.

कायद्याकडे पाहिलं तर जनावराची किंमत लख्ख कळते. 1960 च्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती थांबवताना भूक-तहान, वेदना, भीती यांपासून मोकळीक आणि स्वभावाप्रमाणे वागण्याची मुभा हे जनावरांचे हक्क मानले. 2017 मध्ये आपल्या विधिमंडळाने कायदा बदलला, डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना पुन्हा परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने त्या बदलावर शिक्का मारला. बैल कापू नये म्हणून कायदा करणाऱ्या राज्याने बैल पळवण्यासाठीही कायदा केला. एकाही मोठ्या पक्षाने विरोध केला नाही.

मला कत्तल नको आहे. पण दूध आजच्या दराने पीत राहायचं, गोऱ्ह्याचा खर्च उचलायचा नाही आणि शेतकऱ्याला जनावर विकूही द्यायचं नाही, हे तिन्ही एकदम चालणार नाही. शाकाहारी समाजाने जास्त पैसे मोजायला तयार व्हावं, दूधदुभतं निम्म्यावर आणावं आणि तोवर म्हाताऱ्या बैलाला जवळच्या परवानाधारक ठिकाणी, भूल देऊन, कमीत कमी यातनेत मरण मिळेल अशी कायद्यात वाट ठेवावी. दूध संघांनी लिटरमागे दोन रुपये वासरासाठी वेगळे काढले, तरी प्रत्येक गोऱ्ह्याला पहिले तीन महिने पोटभर दूध मिळू शकतं: वेताला सहा हजार, दोन वेतांत बारा, आणि लागतात अकरा. पिशवीवर हे दोन रुपये स्पष्ट छापावेत, आणि गोऱ्ह्याच्या कानातल्या बिल्ल्याची नोंद तिसऱ्या महिन्यात दाखवल्याशिवाय ते शेतकऱ्याच्या खात्यात जमा करू नयेत.